मातीविना गृहवनस्पती : पाण्यातील संवर्धनामागील शास्त्र, पद्धती आणि दक्षता

सारांश

मनीप्लांटसारख्या शोभेच्या वनस्पती मातीशिवाय केवळ पाण्यात वाढविण्याची रीत आपल्याकडे सर्वपरिचित आहे. मात्र तीमागील वनस्पतिशास्त्रीय तत्त्वे फारशी लक्षात घेतली जात नाहीत. त्यामुळे बाटलीतील झाड अनेकदा जगते, पण वाढत नाही. आणि बाटलीतील साचलेले पाणी आरोग्यास घातक ठरते. पाण्यातील झाड केवळ पाण्यावर जगत नसून पाण्यात विरघळलेली हवा आणि खनिजद्रव्ये यांवर जगते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या अनुषंगाने विषयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, मुळांचे शरीरक्रियाशास्त्र, प्रत्यक्ष कार्यपद्धती, डासांच्या पैदाशीबाबतची दक्षता आणि महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग यांचा परामर्श येथे घेतला आहे.

१. प्रस्तावना

सदनिकेच्या खिडकीत, कार्यालयातील मेजावर किंवा महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षातील कपाटावर काचेच्या बाटलीत ठेवलेला मनीप्लांटचा वेल हे शहरी जीवनातील नित्याचे दृश्य झाले आहे. त्याआधीच्या पिढ्यांनीही मातीविना वाढ पाहिलेली आहे. पाण्याच्या पेल्यावर काड्यांच्या आधाराने ठेवलेले रताळे, बाटलीच्या तोंडावर बसविलेला कांदा आणि त्यातून खाली उतरणारी पांढरी मुळे हा शालेय प्रयोग अनेकांच्या स्मरणात असेल. युरोपात हायसिंथचे कंद फुलविण्यासाठी अठराव्या शतकापासून खास आकाराची काचपात्रे वापरली जात.

या सर्व उदाहरणांतून सामान्यतः एकच अनुमान काढले जाते : ‘झाडाला पाणी मिळाले की पुरे’. हे अनुमान सोपे असले तरी चुकीचे आहे. रताळे व कांदा यांच्याजवळ साठविलेले अन्न असते. ते संपले की वाढ थांबते. मनीप्लांटजवळ तेवढा साठा नसतो, तरीही तो वर्षानुवर्षे बाटलीत तग धरतो. त्यामुळे गैरसमज अधिकच दृढ होतो. म्हणून पाण्यात झाड का जगते, का खुंटते आणि का कुजते, या तीन प्रश्नांचा शास्त्रीय विचार करणे आवश्यक ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘झाड पाण्यापासून बनते’ हा समज एकेकाळी शास्त्रज्ञांचाही होता. फ्लेमिश वैद्य व रसायनज्ञ यान बाप्टिस्टा फान हेलमाँट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि त्यास पाच वर्षे केवळ पाणी दिले. अखेरीस झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. माती मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. ती घटली होती अवघी सुमारे २ औंस. यावरून झाडाची सर्व वाढ पाण्यापासूनच झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. मोजमापावर आधारलेला हा प्रयोग पद्धतीच्या दृष्टीने मोलाचा होता. परंतु त्यात दोन गोष्टी निसटल्या. पहिली, झाडाभोवतीची हवा. आणि दुसरी, नगण्य मानलेले ते दोन औंस.

यांपैकी दुसऱ्या गोष्टीकडे इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड यांनी लक्ष वेधले. त्यांनी पुदिन्याची रोपे पावसाचे पाणी, थेम्स नदीचे पाणी, हाइड पार्कमधील जलवाहिनीचे पाणी आणि बागेची माती मिसळलेले पाणी अशा निरनिराळ्या पाण्यांत वाढविली. १६९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पावसाच्या पाण्यातील रोपे सर्वांत कमी वाढली, तर माती मिसळलेल्या पाण्यातील रोपांची वाढ सर्वाधिक झाली. झाडाला मिळणाऱ्या पाण्यात अन्य ‘पार्थिव’ द्रव्य असावे लागते, हे यावरून सूचित झाले. पुढे १७७९ साली यान इंगेनहौझ यांनी वनस्पतींच्या हिरव्या भागांवर प्रकाशाचा होणारा परिणाम दाखविला, आणि १८०४ साली निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी परिमाणात्मक प्रयोगांच्या आधारे कार्बन डायऑक्साइड, पाणी व मातीतील खनिजे यांचा वाढीतील वाटा स्पष्ट केला. अशा रीतीने हवेचाही हिशेब पूर्ण झाला.

१८६० च्या सुमारास जर्मनीतील युलिउस फोन झाक्स व विल्हेल्म क्नॉप यांनी ठरावीक क्षार विरघळविलेल्या पाण्यात झाडे वाढविण्याचे तंत्र विकसित केले. क्नॉप यांच्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि अल्प प्रमाणात लोहाचा क्षार एवढेच घटक होते. यामुळे माती हे अन्न नसून अन्नाचे भांडार आहे, हे प्रयोगाने सिद्ध झाले. विसाव्या शतकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून हे तंत्र पीक-उत्पादनासाठी वापरण्याचा पुरस्कार केला, आणि १९३७ साली त्यास ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतील पोषकद्रावण आजही प्रयोगशाळांत प्रमाण मानले जाते. त्यांनीच असाही निर्वाळा दिला होता की, प्रकाश व इतर परिस्थिती समान असता पाण्यातील पीक चांगल्या मातीतील पिकापेक्षा आपोआप सरस ठरत नाही. या तंत्राच्या अतिरंजित जाहिराती आजही होत असताना हा संयमी निर्वाळा स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

भारतातही या विषयाची परंपरा आहे. जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास तत्कालीन दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे साध्या साधनांनी मातीविना शेतीचे प्रयोग केले. त्यांची ‘बंगाल पद्धती’ १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाळू व खडी यांसारखे स्वस्त माध्यम आणि मोजून दिलेली खते हे तिचे वैशिष्ट्य होते.

३. मातीची चार कार्ये

माती झाडासाठी मुख्यतः चार कार्ये करते : (१) मुळांना आधार देणे, (२) पाणी धरून ठेवणे, (३) कणांमधील पोकळ्यांतून मुळांना हवा पुरविणे, आणि (४) खनिजद्रव्यांचा साठा करून ती हळूहळू उपलब्ध करून देणे. यांखेरीज मातीतील असंख्य सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यांचे रूपांतर मुळांना शोषता येईल अशा स्वरूपात करीत असतात.

माती काढून टाकली की ही कार्ये नाहीशी होत नाहीत. ती झाड वाढविणाऱ्याच्या अंगावर येतात. बाटलीची मान आधार देते आणि पाणी तर भरपूर असते. म्हणजे चारांपैकी दोन कार्ये आपोआप पार पडतात. उरलेली दोन, अर्थात हवा व खनिजे, बहुतेक बाटल्यांत दुर्लक्षित राहतात. फान हेलमाँट यांच्या हिशेबातून ज्या दोन गोष्टी निसटल्या, त्याच आपल्या बाटलीतूनही निसटतात.

४. मुळांचे श्वसन आणि पाण्यातील हवा

पाने प्रकाशसंश्लेषण करतात, हे सर्वज्ञात आहे. मुळांना मात्र प्राणिमात्रांप्रमाणे अहोरात्र श्वसन करावे लागते आणि त्यासाठी ऑक्सिजन हवा असतो. खनिजांचे शोषण ही ऊर्जा खर्च करणारी क्रिया असून ती ऊर्जा श्वसनातूनच मिळते. म्हणून ऑक्सिजन अपुरा असेल तर पाण्यात खनिजे असूनही मूळ ती घेऊ शकत नाही.

एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि ३० अंशांना हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येते. शिवाय स्थिर पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. याउलट तापमान वाढले की मुळांचा व जिवाणूंचा श्वसनवेग वाढतो. म्हणजे चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात पाण्यातील ऑक्सिजनचा पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. ऐन उन्हाळ्यात बाटलीतील मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊन कुजण्याचे प्रमाण वाढते, त्याचे प्रमुख कारण हेच होय.

निसर्गात ही अडचण वनस्पतींनी निरनिराळ्या मार्गांनी सोडविली आहे. कोकण किनाऱ्यावरील तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्यांनी युक्त असे वायुऊतक असते व त्यातून पानांकडील हवा मुळांपर्यंत पोहोचते. पाण्यात रुजलेल्या अनेक गृहवनस्पतींची नवी मुळेही अंशतः अशीच घडतात. ती जाडसर व पांढरी असतात आणि त्यांवर मूलरोम कमी असतात. मातीत वाढलेले रोप धुऊन थेट पाण्यात ठेवल्यास त्याची जुनी मुळे बहुधा कुजतात व झाडाला नवी मुळे काढावी लागतात. म्हणूनच मुळांसह रोप स्थलांतरित करण्याऐवजी खोडाचा तुकडा, म्हणजे छाट, पाण्यातच रुजविणे श्रेयस्कर असते.

यातून एक साधा नियम निघतो. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून. बाटली गळ्यापर्यंत भरल्यास हवेशी संपर्क असणारा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याएवढाच उरतो; तीच बाटली रुंद भागापर्यंत भरली तर तो कित्येक पटींनी वाढतो. मुळांचा वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग पाण्याबाहेर, बाटलीतील दमट हवेत राहू दिल्यास त्याला हवेतून थेट ऑक्सिजन मिळतो. अधिक पाणी म्हणजे अधिक काळजी, ही समजूत येथे अगदी उलटी ठरते.

५. खनिजांची गरज : ‘दोन औंसां’चा हिशेब

वनस्पतींच्या वाढीस १७ मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही हवा व पाणी यांतून मिळतात. वनस्पतीच्या शुष्क वजनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग या तिघांचाच असतो. उरलेली १४ मूलद्रव्ये प्रमाणाने अल्प असली तरी त्यांच्यावाचून वाढ पूर्ण होत नाही. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट व क्लोराइड काही प्रमाणात असतात. परंतु नत्र, स्फुरद व पालाश ही तीन प्रमुख पोषकद्रव्ये पुरेशी नसतात. घरगुती आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात तर सर्वच खनिजे कमी झालेली असतात.

मग मनीप्लांट जगतो कसा? याचे उत्तर त्या वेलाकडे बारकाईने पाहिल्यास मिळते. साध्या पाण्यातील वेलाच्या टोकाशी नवे पान उमलते, तेव्हा बुडाशी एखादे जुने पान पिवळे पडते. नत्र, स्फुरद व पालाश ही मूलद्रव्ये वनस्पतीत चल असतात. टंचाईच्या काळात झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांकडे नेते. पाहणाऱ्यास नवे पान दिसते व झाड वाढत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते झाड आपल्याच जुन्या पानांवर गुजराण करीत असते. याउलट लोह अचल असल्याने त्याची उणीव कोवळ्या पानांवर प्रथम दिसते : शिरा हिरव्या राहतात व शिरांमधील भाग फिकट पिवळा पडतो. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, एवढे पाहिले तरी निदानाची पहिली पायरी गाठता येते.

खनिजे पुरविण्यासाठी कृषी सेवा केंद्रांत मिळणारी विद्राव्य खते उपयुक्त आहेत. द्राक्ष व डाळिंब बागायतदार ठिबक सिंचनातून देतात ते १९:१९:१९ या श्रेणीचे खत चार लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात वापरल्यास लिटरला सुमारे ४७ मिलिग्रॅम नत्र मिळते. होगलँड यांच्या पूर्ण तीव्रतेच्या द्रावणात ते सुमारे २१० मिलिग्रॅम असते. म्हणजे हे द्रावण नत्राच्या बाबतीत साधारण पाव तीव्रतेचे झाले, आणि खिडकीतल्या मंद प्रकाशात सावकाश वाढणाऱ्या झाडास ते पुरेसे आहे. मात्र तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, या खतातील नत्राचा मोठा भाग बहुधा युरियाच्या रूपात असतो. मातीतील जिवाणू त्याचे रूपांतर करतात, पाण्यात मात्र ती क्रिया मंद असते. दुसरी, या खतात कॅल्शियम नसते. पाणी दुष्फेन (जड) असल्यास ही उणीव पाण्यातूनच भरून निघते. अन्यथा कॅल्शियम नायट्रेट अल्प प्रमाणात द्यावे लागते. तिसरी, कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट वा सल्फेटयुक्त खत यांची संहत द्रावणे एकत्र केल्यास पांढरा साका बसतो. म्हणून ती वेगवेगळी विरघळवून भरपूर पाण्यात एकामागून एक मिसळावीत. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तयार मिश्रण लेबलवरील प्रमाणापेक्षा कमीच वापरावे. द्रावणाचा सामू साधारण ५.५ ते ६.५ असल्यास बहुतेक मूलद्रव्ये सहज उपलब्ध होतात.

झाड पाणी अधिक वेगाने शोषते व क्षार मागे राहतात. त्यामुळे बाटलीतील द्रावण दिवसेंदिवस तीव्र होत जाते. मधल्या काळात पातळी उतरल्यास साधे पाणी घालावे, द्रावण नव्हे. पानांच्या कडा व टोके करपणे हे क्षार अधिक झाल्याचे लक्षण असू शकते.

६. योग्य वनस्पतींची निवड

ज्या वनस्पतींच्या पेरांजवळ आगंतुक मुळे, म्हणजे खोडापासून फुटणारी मुळे, सहज निर्माण होतात, त्या पाण्यात चांगल्या वाढतात. मनीप्लांट हा मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरचा आरोही वेल. खोडावरील हवाई मुळांनी तो झाडांवर चढतो आणि उंचीवर त्याची पाने खूप मोठी होतात. बाटलीत आपण पाहतो ती त्याच्या बाल्यावस्थेतील पाने होत. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनिमा व डिफेनबेकिया हे त्याच अळूच्या कुळातील सदस्य. याखेरीज ट्रॅडेस्कँशिया, कोलियस, क्लोरोफायटम (स्पायडर प्लांट) व पुदिना या वनस्पतीही पाण्यात सहज रुजतात. ‘लकी बांबू’ या नावाने विकली जाणारी वनस्पती प्रत्यक्षात बांबू नसून मध्य आफ्रिकेतील ड्रॅसिना प्रजातीची आहे.

याउलट निवडुंगवर्गीय व मांसल पानांच्या बहुतेक वनस्पती सतत ओलाव्याने कुजतात. गुलाब, जास्वंद यांसारखी काष्ठमय फुलझाडे दीर्घकाळ पाण्यात ठेवणे व्यवहार्य नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अळूच्या कुळातील वर उल्लेखिलेल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पाने चावली गेल्यास तोंडाची तीव्र आग होते व सूज येते. लहान मुले व पाळीव प्राणी यांच्या हाती ती लागणार नाहीत अशा जागी ठेवावीत.

७. कार्यपद्धती

(१) निरोगी झाडाची दोन ते चार पेरे असलेली छाट स्वच्छ, धारदार पात्याने पेराच्या किंचित खाली घ्यावी. मुळे पेरापासून फुटतात. केवळ पान देठासह ठेवल्यास मनीप्लांटचा नवा वेल तयार होत नाही.

(२) पाण्यात बुडणारी सर्व पाने काढावीत. बुडालेले पान कुजते आणि कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपविते.

(३) काच, चिनी माती किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे पात्र घ्यावे. तांब्या-पितळेची भांडी टाळावीत. पाण्यात उतरणारे तांबे मुळांना विषारी ठरते. पारदर्शक पात्रात प्रकाशामुळे शेवाळ वाढते. त्यासाठी गडद रंगाची बाटली निवडावी किंवा बाटलीला जाड कागदाचे वेष्टण करावे.

(४) नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात झाकणाऐवजी कापड बांधून रात्रभर ठेवावे. त्यामुळे त्यातील मुक्त क्लोरीन बऱ्याच अंशी निघून जाते व पाणी खोलीच्या तापमानास येते.

(५) पहिले दोन ते तीन आठवडे साधे पाणीच वापरावे. मुळे तीन-चार सेंटिमीटर लांब झाल्यावर पाव तीव्रतेचे पोषकद्रावण सुरू करावे.

(६) पात्र भरपूर पण अप्रत्यक्ष प्रकाशात ठेवावे. थेट उन्हाने पाणी तापते.

(७) आठवड्यातून एकदा सर्व पाणी बदलावे, मुळे हलक्या हाताने धुवावीत, कुजलेला भाग कापून टाकावा आणि पात्र आतून घासावे. निरोगी मुळे पांढरी वा फिकट पिवळसर व टणक असतात. तपकिरी, लिबलिबीत व दुर्गंधीयुक्त मुळे ऑक्सिजनच्या अभावाची निदर्शक होत.

(८) झाड पुन्हा मातीत लावायचे असल्यास मुळे लहान असतानाच लावावे. पाण्यातील लांब मुळांवर मूलरोम कमी असल्याने मातीत ती प्रारंभी पुरेसे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून पहिले काही दिवस माती ओलसर ठेवावी.

८. डासांची पैदास : दुर्लक्षित धोका

वरील सातवी पायरी केवळ झाडाच्या हितासाठी नाही. डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास गटारांपेक्षा घरातील व परिसरातील साठविलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या, फुलदाण्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या ही त्याची आवडती ठिकाणे होत. अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास अनुकूल हवामानात सुमारे ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या सूचनेमागे हेच गणित आहे.

नुसते पाणी ओतून पुन्हा भरणे मात्र पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पात्राच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटविते. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात व पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पात्राची आतील बाजू ब्रशने घासणे अनिवार्य आहे. बाटलीचे तोंड कापसाच्या सैल बोळ्याने किंवा बारीक जाळीने बंद केल्यास मादीस आत शिरता येत नाही, आणि हवेची ये-जाही सुरू राहते. काढलेले पाणी गटारात न ओतता उन्हातील कोरड्या मातीवर किंवा कुंडीत ओतावे. तेथे अळ्या मरतात व उरलेली खनिजेही वाया जात नाहीत.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष गंभीर आहे. हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो, म्हणजे नेमका वर्ग भरलेले असतात त्या वेळी. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत विभाग कुलूपबंद असतात आणि आतील बाटल्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. सत्र सुरू होते तेव्हा विद्यार्थ्यांच्या आधी डासांची एखादी पिढी तेथे दाखल झालेली असू शकते. सुट्टीपूर्वी अशा सर्व बाटल्या रिकाम्या करून झाडे ओल्या कुंडीत लावणे अथवा घरी नेणे, ही जबाबदारी विभागात एका व्यक्तीकडे नावानिशी सोपविणे उचित ठरेल. ज्यांना आठवड्याचा हा नेम पाळणे शक्य नाही, त्यांनी झाड मातीतच लावावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

९. लाभ : वास्तव आणि अतिशयोक्ती

या पद्धतीचे काही लाभ निर्विवाद आहेत. माती सांडत नाही, पाणी देण्याचा अंदाज चुकत नाही, मुळांची वाढ डोळ्यांना दिसते, आणि मातीतून पसरणाऱ्या काही किडी टळतात. परंतु ‘घरातील झाडे हवा शुद्ध करतात’ हा दावा तपासून घ्यावा लागतो. त्याचा उगम १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या अभ्यासात आहे. तो अभ्यास लहान, बंदिस्त कक्षांत झाला होता. २०१९ साली कमिंग्ज व वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. इमारतीत नैसर्गिकरीत्या होणाऱ्या वायुविजनाइतका परिणाम झाडांकडून साधावयाचा तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे ठेवावी लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खिडकी उघडणे हा हवा शुद्ध राखण्याचा अधिक खात्रीचा उपाय होय. झाडाचे मोल त्याच्या सान्निध्यात आणि त्याच्या निरीक्षणातून होणाऱ्या बोधात आहे.

१०. अध्यापनातील उपयोग

पदवी स्तरावर वनस्पतिशास्त्रच नव्हे, तर रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र व संख्याशास्त्र यांच्या अध्यापनातही हा विषय अल्प खर्चात उपयोगी पडतो. वुडवर्ड यांच्या प्रयोगाची पुढीलप्रमाणे आवृत्ती करता येईल. एकाच झाडापासून समान पेरांच्या व जवळजवळ समान वजनाच्या पुदिन्याच्या किंवा कोलियसच्या २० छाटा घेऊन त्यांचे पाच-पाचचे चार गट करावेत : (अ) ऊर्ध्वपातित पाणी, (आ) नळाचे पाणी, (इ) स्थिर पोषकद्रावण, आणि (ई) मत्स्यपेटीतील पंपाने हवा दिलेले पोषकद्रावण. आठ आठवडे दर आठवड्यास मुळांची लांबी, पानांची संख्या व गळलेली पाने यांची नोंद घ्यावी आणि अखेरीस शुष्क वजन काढावे. आठवड्याचा पाणीबदल सर्व गटांना सारखाच लागू ठेवावा.

(आ) आणि (इ) यांमधील फरक खनिजांचा, तर (इ) आणि (ई) यांमधील फरक हवेचा. अशा रीतीने फान हेलमाँट यांच्याकडून निसटलेल्या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येतात. मनीप्लांट या प्रयोगासाठी घेऊ नये. तो टंचाई इतकी सोसतो की फरक दिसण्यास फार काळ लागतो. रोपांची संख्या पाचच का, बाटल्यांच्या जागा यादृच्छिक रीतीने का ठरवाव्यात, यांसारख्या प्रश्नांतून संशोधनपद्धतीची ओळखही आपोआप होते.

११. समारोप

पाण्यात झाड वाढविणे म्हणजे मातीला वगळणे नव्हे, तर मातीची कामे स्वतःकडे घेणे होय. पाणी पुरविणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग आहे. मुळांसाठी हवा राखणे, अल्प पण नेमकी खनिजे देणे आणि पात्र दर आठवड्यास घासून स्वच्छ करणे हा कठीण व म्हणूनच महत्त्वाचा भाग होय. पहिल्या दोहोंकडे दुर्लक्ष केल्यास झाडाची उपासमार होते. तिसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास माणसांच्या आरोग्यास धोका पोहोचतो.

फान हेलमाँट यांनी पाच वर्षे निष्ठेने पाणी घातले आणि काळजीपूर्वक वजनही केले. तरीही नगण्य समजून सोडलेल्या दोन औंसांत व न दिसणाऱ्या हवेतच उत्तर दडलेले होते. शिक्षक-कक्षातील कपाटावरची बाटली आपल्याला तोच धडा देते. तिच्यातील वेलाचे खालचे पान पिवळे पडले असेल, तर ते वयोमानाने पडले असे न समजता एकदा बाटली हाती घेऊन पाहावे, हीच विनंती.